थंड पाणी

बस रात्री अडीचला येते,
मायनॉटहून असो, नाहीतर त्याच्याही पलीकडून.
मी आधीच धुलाईच्या खोलीतला बल्ब लावून ठेवते,
बर्फातून पोरांना दार कुठे ते दिसावं म्हणून.

निकाल विचारत नाही.
कपड्यांची पिशवी जमिनीवर कशी येते त्यावरून कळतो.
जिंकले की फेकतात.
हरले की ठेवतात,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.
नोव्हेंबरात दोनदा फेकली.
मग फेब्रुवारी संपेपर्यंत
ठेवलीच.

हॅडलीत लपून काही राहत नाही.
पेट्रोल पंपावर, चर्चमधल्या कॉफीच्या टेबलाशी
कुणीतरी विचारतंच,
"काय मार्डेल, परवा कितीनं धुतलं तुमच्या पोरांना?"
मी म्हणते, कोमट पाण्यात, रंगीत कपड्यांबरोबर.
हसतात. मग कपात बघत राहतात.
त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जर्स्या
कधी ना कधी माझ्याच हातांखालून गेल्यात.

पराभव असा हात धुऊन मागे लागला
की कोच रेमर्सला घरी जाववेना.
पहाटे तीनला इथे येऊन
ड्रायरच्या झाकणावरच्या धुळीत
बोटानं खेळी काढायचा. पाच टिंबं, एक बाण.
"इथून निसटला असता ना ऑस्टबी,
तर इथे मोकळा होता."
मी मान हलवायची.
सकाळी झाकण पुसताना
तेवढा कोपरा सोडायची.

बेनिन सिटीहून आलेला उंच ओसारो
ड्रायरमधून निघालेला टॉवेल छातीशी धरून उभा राहायचा,
थंड होईस्तोवर.
थंड झाला की म्हणायचा, थँक यू मॅम,
जणू मी काही केलं होतं.

आणि चौतीस नंबर. लायल वायगल.
त्याची जर्सी घडी घालून यायची.
कोरडी. बाहीला वास साबणाचा, माझ्याच साबणाचा.
तीस गुणांनी मागे असतानाही
रेमर्स त्याला बाकावरून उठवायचा नाही.
हरणाऱ्या माणसाला वाटतं,
आता बदल केला तर आपण हरलो असं ठरेल.
मी तरी दर वेळी ती मशीनमध्ये टाकायची.
स्वच्छ होती, कळत होतं मला.
पण बाकीच्यांचा निळा विटत चालला होता
आणि हिचा तसाच राहिला असता,
दुकानातल्यासारखा.
अकराजणांच्या रांगेत एकट्याचाच गडद.
ते मला बघवलं नसतं.

शेवटचा सामना घरचा होता.
बाहेर उणे बावीस, आत चाळीसएक माणसं,
त्यातली सहा पॉपकॉर्नसाठी आलेली.
एक मिनिट पन्नास सेकंद उरले
तेव्हा रेमर्सनं बाकाकडे न बघताच बोट केलं.

लायलनं बास्केट केली नाही.
चेंडू त्याच्या हाती आलाच नाही म्हणा.
एक सुटलेला चेंडू रेषेबाहेर जात होता,
जाणारच होता,
त्यावर त्यानं स्वतःला झोकून दिलं.
चेंडू गेला. तो खुर्च्यांत.
कोपर सोललं.
कुणी टाळी वाजवली, एकच,
मग तिलाही संकोच वाटला असावा.

त्या रात्री पिशवी त्यानंच आणली.
ठेवली नाही, फेकलीही नाही.
हातात दिली.
वर चौतीस नंबर, बोळा केलेली, ओली,
कडेला तपकिरी होऊ लागलेला डाग.

रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं,
पक्कं बसतं ते.
नळाखाली धरून चोळत राहिले
बोटं माझी आहेत की नाही कळेनासं होईपर्यंत.
बराचसा गेला.
थोडा राहिला शिवणीत.
राहू दिला.

मग जर्स्या मोजल्या, बारा. पेटीत भरल्या.
दाराशी येऊन बटणावर हात ठेवला
आणि तसाच राहिला.
आज कुठूनही बस यायची नव्हती.